फोनमधलं दुसरं हवामान

शिवणवाल्या बाई दुकानात आल्या, पण बसल्या नाहीत. एरवी काउंटरपुढच्या स्टुलावर टेकल्याशिवाय त्या तोंड उघडत नसत. आज त्यांनी फोन काउंटरवर पालथा ठेवला आणि दोन बोटांनी पुढे सरकवला.

"वहिनी, एक विचारते, राग मानू नका. इथे दिलेल्या फोनमधलं तुम्ही लोक वाचता का?"

गल्लीत तिला सगळेच वहिनी म्हणत. दुकान तिचं आणि तिच्या दिराचं. दीर दिवसभर वहिनी-वहिनी करायचा, म्हणून गिऱ्हाइकांनीही तेच उचललं होतं. ती पुढच्या टेबलावर भिंग लावून काचा, बॅटऱ्या आणि चार्जिंगच्या खाचा दुरुस्त करायची. दीर मागच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायचा. एक मोठी मोबाइल कंपनी स्वस्तात फोन द्यायची, पण त्यात सिम त्याच कंपनीचं चालायचं. दुसरं घातलं की पडद्यावर नकार झळकायचा. वर कंपनीची दहा-बारा ॲप्स असायची, काही केल्या न निघणारी. दीर सिमचं कुलूप काढायचा आणि गिऱ्हाईक म्हणालं तर फोन 'रूट'ही करायचा. ते म्हणजे काय, हे तो प्रत्येकाला एकाच पद्धतीने समजवायचा. "घर तुम्ही घेतलंत, पण चार खोल्यांच्या किल्ल्या कंपनीने ठेवून घेतल्यात. त्या मी तुम्हाला काढून देतो."

"कुणाचं वाचायला वेळ कुठे आहे आम्हाला?" वहिनी हसत म्हणाली. "झालं काय?"

बाईंनी आवाज खाली घेतला. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं त्यांच्या मनात होतं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त धाकट्या बहिणीला मेसेज केला होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच फोनवर अनोळखी मेसेज आला, गुडघे बदलून देतो म्हणून. मग आणखी दोन आले.

"बहिणीने कुठे बोलून दाखवलं असेल."

"ती माझ्यापेक्षा घुमी आहे. आणि हे बघा, नुसता पडून असतो तरी तापतो. तुमच्या दिराकडून नेला तेव्हापासून."

वहिनीने फोन उचलला. सकाळपासून पर्समध्येच होता म्हणे, तरी तो तळहाताला कोमट लागला. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण चेहऱ्यावर तिने काही दिसू दिलं नाही.

दीर जेवायला बाहेर गेला होता. तो आल्यावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊजी, शिवणवाल्या बाईंचा फोन गरम होतोय. का असेल?"

"बॅटरी म्हातारी झाली असेल," तो म्हणाला आणि बोलता बोलता त्याने लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

तेवढंच. पण त्या झाकणाने तिच्या डोक्यात बाकीची सगळी झाकणं उघडली. महिनाभरापूर्वीपर्यंत लॅपटॉपचा पासवर्ड तिला माहीत होता, मग तो बदलला होता. फोन वाजला की दीर आताशा जिन्यात जाऊन बोलायचा. सात वर्षं दोघं एका दुकानात बसत होती आणि त्याच्या दातदुखीपासून मोडलेल्या साखरपुड्यापर्यंत तिला ठाऊक नव्हतं असं काही नव्हतं. आणि आता हा माणूस जिन्यात जाऊन कुणाशी हळू आवाजात बोलत होता?

चार दिवसांनी ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर आले. त्यांची तक्रार निराळी होती. महिन्याचा डेटा पंधरा दिवसांत संपतोय, आणि मी तर फोनवर घड्याळ सोडून काही बघत नाही. वहिनीने दीर नसताना कामाची वही काढली. मास्तरांचा फोन आणि शिवणवाल्या बाईंचा फोन एकाच मॉडेलचे होते, एकाच कंपनीचे होते, दोन्ही रूट केलेले होते. दोन्हींपुढे अक्षर दिराचं होतं.

ती मागच्या टेबलाकडे बघत राहिली. खुर्चीच्या पाठीला त्याचं जॅकेट लटकत होतं. खिसे तपासावेत असं तिच्या मनात आलं, आणि ते आलं याचीच तिला लाज वाटली. खिसे तपासले नाहीत, पण त्यानंतर ती डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर लक्ष ठेवू लागली.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, जरा तापट आणि भावाच्या बाबतीत हळवा.

"डोकं ठिकाणावर आहे ना? माझा भाऊ लोकांचे मेसेज विकतो म्हणतेस?"

"विकतो असं म्हटलं नाही मी. काहीतरी आहे, एवढंच म्हणतेय."

"मग त्याला विचार की सरळ."

"विचारलं. झाकण लावलं त्यांनी."

नवरा पाठ फिरवून झोपला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालता घालता तोच म्हणाला, "अगं, त्याने नवे काळे बूट घेतलेत, बघितलेस का? चकचकीत. दुकानात बसायला असले बूट कशाला लागतात?"

संशयाची लागण घरात झाली होती.

शेजारी चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाले साठीचे, एकटे आणि नको तितके उत्साही. वहिनीने त्यांना विश्वासात घेतलं. आपल्या आईकडे पडून असलेला त्याच मॉडेलचा कुलूपबंद फोन तिने त्यांच्या हाती दिला आणि खरेदीची बिननावाची पावतीही दिली, कारण पावती बघितल्याशिवाय दीर कुठलाच फोन घेत नसे.

"माझा म्हणून द्या. सिमचं कुलूप काढा आणि रूट पण करा म्हणा. बाकी काही बोलू नका."

"म्हणजे हेरगिरी!" चष्मेवाल्यांचे डोळे भिंगांमागे आणखी मोठे झाले.

"काका, हळू."

चष्मेवाले आले, फोन दिला आणि सांगितलं होतं त्याच्या चौपट बोलले. वहिनी भिंगातून एका तुटलेल्या खाचेकडे बघत सगळं ऐकत होती. दीर नेहमीसारखाच वागला. "काका, वॉरंटी जाईल. फोनमधलं सगळं पुसलं जाईल, फोटो आधी काढून ठेवा. आणि बँकेची काही ॲप्स रूट केलेल्या फोनवर रुसतात, मग मला शिव्या देऊ नका." इतक्या काळजीने सांगणारा माणूस लबाड असेल? की लबाड माणसंच इतक्या काळजीने सांगतात? तिचं तिला ठरवता येईना.

संध्याकाळी फोन तयार झाला. दुसऱ्या सकाळी दीर बँकेच्या कामाला गेला तेव्हा चष्मेवाले आपल्या जादा सिमसकट तो घेऊन आले. तिने तो दुकानाच्या वायफायला जोडला, टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि राउटरचं पान उघडलं. कुठलं यंत्र किती पाठवतंय, हे त्यावर दिसायचं.

"आता?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"आता काही नाही. हात लावायचा नाही."

दोघं चहा घेत बसले. वीस मिनिटांनी फोनपुढचा आकडा हलला. पडदा काळाच होता. आणखी वीस मिनिटांनी पुन्हा हलला.

"कुणाशी बोलतोय हा?" चष्मेवाल्यांनी कप खाली ठेवला.

तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. फोन आपणहून पुष्कळ ठिकाणी काय काय पाठवतात, हे तिला माहीत होतं. मग तिने त्या फोनवरून चष्मेवाल्यांच्या नेहमीच्या नंबरला मेसेज केला. मुलीला ऐकू कमी येतं, कानाचं मशीन चांगलं कुठे मिळेल?

तिसऱ्या दिवशी दुपारी चष्मेवाले धापा टाकत आले. नशिबाने दीर जिन्यात होता. त्यांनी तो फोन तिच्या नाकासमोर धरला. कानाची मशीनं, मोफत तपासणी, मुलांसाठी खास सवलत.

"मुलगी कुठून आणू मी? माझं लग्नच झालेलं नाही!"

एरवी ती पोट धरून हसली असती. आता तिने जिन्याकडे कान दिला. जिन्यातून दिराचा आवाज येत होता, "हो सर, नक्की सर," आणि ती मनात म्हणाली, हेच ते सर.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नवऱ्याला बोलावून घेतलं. चष्मेवाल्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी ते आले आणि दाराशी उभे राहिले. तिने शटर अर्धं ओढलं. दीर कुणाच्या तरी फोनमध्ये फाइल घालत होता. त्याने मान वर केली, तिघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "कुणी गेलं का?"

तिने आईचा फोन त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. शिवणवाल्या बाई, मास्तर, राउटर, कानाचं मशीन. सांगताना आपला आवाज किती थंड आहे, हे तिलाच जाणवत होतं.

दिराने फोनकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांकडे, मग तिच्याकडे.

"म्हणजे हा काकांचा नाही?"

"माझ्या आईचा."

"माझी परीक्षा घेतलीस?"

"भाऊजी, हे मेसेज जातात कुठे, ते सांगा."

"सांग ना रे," नवरा म्हणाला. त्याचा आवाज चढायला हवा होता, पण उलट तो बसलाच.

दिराने खिशातून स्वतःचा फोन काढला. तोही त्याच मॉडेलचा होता, त्यानेच रूट केलेला. दुकानाचं वायफाय तो कधी वापरत नसे, गिऱ्हाइकांच्या कामासाठी राखून ठेवायचा. आता त्याने फोन वायफायला जोडला आणि टेबलावर ठेवला. "लाव तुझं राउटर."

चौघं त्या फोनकडे बघत बसले. एक गिऱ्हाईक अर्ध्या शटरखालून वाकून डोकावलं. नवऱ्याने त्याला "तासाभराने या" म्हणून परतवलं. चष्मेवाल्यांनी दोनदा खाकरून घेतलं. अठराव्या मिनिटाला आकडा हलला.

दिराचा चेहरा पांढरा पडला. ते नाटक नव्हतं, असं तिला वाटलं. आणि त्याच क्षणी दुसरा विचारही आला, आपल्यावर आळ येऊ नये म्हणून त्याने स्वतःच्या फोनमध्येही हे मुद्दाम ठेवलं असलं तर? तो विचार तिने झटकला, पण तो पुरता गेला नाही.

दीर तोवर लॅपटॉपकडे वळला होता. रूट करताना फोनमध्ये घालायची तयार सिस्टमची फाइल त्याने उघडली आणि आतल्या ॲप्सची नावं एकेक करून वाचू लागला. कॅमेरा, घड्याळ, हिशेब, हवामान, आवाज. खाली आणखी पन्नास नावं. मग त्याचं बोट थांबलं.

"हवामान दोनदा आहे."

"म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"एक पडद्यावर दिसतं. दुसरं कुठेच दिसत नाही." त्याने त्या दुसऱ्याला मिळालेल्या परवानग्या उघडल्या. मेसेज वाचणं, नंबर वाचणं, इंटरनेट वापरणं. "हवामानाला लोकांचे मेसेज कशाला लागतात?"

ती फाइल त्याने बनवलेली नव्हती. फोन रूट करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता. तिथे 'घुबड' नावाने वावरणारं कुणीतरी अशा तयार फाइली फुकट वाटायचं. सगळे वाहवा करायचे, आणि दिरानेही सात महिने तीच फाइल वापरली होती. आत काय आहे ते एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

"किती फोन?" वहिनीने विचारलं.

त्याने वही ओढली, मोजलं. "एक्केचाळीस. हा धरून बेचाळीस. माझा त्रेचाळीस."

मग तिनेच विचारलं. आता नाही विचारलं तर पुन्हा कधीच विचारता येणार नाही, असं तिला वाटलं.

"लॅपटॉप का झाकत होतात? जिन्यात कुणाशी बोलत होतात?"

दिराने नवऱ्याकडे पाहिलं. "दादा, मी तुला सांगणारच होतो. नोकरीसाठी अर्ज केलाय. दोन मुलाखती झाल्या. त्यांच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये."

"कुणाच्या?"

त्याने टेबलावरच्या फोनांकडे हात केला. ज्या कंपनीची कुलपं तो रोज काढत होता, त्याच कंपनीत.

"अरे देवा," चष्मेवाले दारातून म्हणाले.

"म्हणून बूट," नवरा म्हणाला.

"म्हणून बूट. वहिनीला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? सात वर्षं इथे बसून आता तिकडे जातो म्हणून?" तो आता तिच्याशी नाही, तिच्याबद्दल बोलत होता. मग तो तिच्याकडे वळला. "पण तुम्ही मला चोर समजलात."

त्याने तिला तुम्ही म्हटलं, असं लग्न होऊन ती घरात आली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच घडत होतं. शिवी ऐकल्यासारखं ते तिला लागलं.

"लोकांचं सगळं बाहेर गेलंय, भाऊजी," ती म्हणाली. "चोर नसाल. पण दार तर तुम्हीच उघडून दिलंत."

"ते मी नाकारलं का?"

त्याच दुपारी त्याने ग्रुपवर सगळं लिहून टाकलं, त्या लपलेल्या हवामानाच्या चित्रासकट. दहा मिनिटांत त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. त्याआधी घुबडाचा एकच निरोप आला होता, तो त्याने वहिनीला वाचून दाखवला. "तुला कुणी सांगितलं होतं उघडून बघायला?"

पुढचा प्रश्न गिऱ्हाइकांना काय सांगायचं हा होता. नवऱ्याचं म्हणणं, अपडेट आलंय म्हणून सगळ्यांना बोलवा, गुपचूप साफ करून द्या, दुकानाचं नाव तरी राहील. दीर म्हणाला, खरं ते सांगू, माझं नाव घ्या. वहिनीने रात्रभर काही ठरवलं नाही. सकाळी वही पुढे घेऊन पहिला फोन शिवणवाल्या बाईंना लावला.

"तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "तुमचे मेसेज बाहेर जात होते. आम्ही वाचले नाहीत, पण गेले आमच्यामुळेच."

पलीकडे बराच वेळ शिवणयंत्र चालू असल्याचा आवाज येत राहिला. मग बाई म्हणाल्या, "आणते फोन. पण मी समोर बसणार."

पंधरा दिवस ते काम चाललं. प्रत्येक फोन पुसायचा आणि कंपनीची मूळ सिस्टम परत घालायची. सिमचं कुलूप पुन्हा लागत नव्हतं, तेवढं बरं. पण कंपनीची ती न निघणारी ॲप्स परत येऊन बसत, आणि लोक त्यावरूनही बोलत. मास्तर ओरडून गेले आणि दुसऱ्या दिवशी फोन घेऊन आले. एका बाईने घरचं भांडण कशामुळे बाहेर फुटलं ते आता कळलं असं सांगितलं आणि रडली. चार जणांनी फोन उचललाच नाही. एकाने दुकानात येऊन, सगळ्यांसमोर, "तुम्हीच विकलंत आणि आता साळसूदपणाचा आव आणताय" असं सुनावलं. वहिनी त्याला काय सांगणार? पंधरवड्यापूर्वी ती स्वतः मनात तेच म्हणत होती.

त्या सगळ्या दिवसांत दीर लॅपटॉप तिच्या बाजूला फिरवून काम करत होता. तिने तसं सांगितलं नव्हतं. प्रत्येक फाइल घालण्याआधी तो म्हणायचा, "बघून घ्या," आणि ती बघायची. बघू नये असं तिला वाटायचं, तरी बघायची. एकदा तर तिने एक नाव दुसऱ्यांदा उघडायला लावलं. त्याने ते उघडून दाखवलं.

नोकरीचं पत्र आलं तेव्हा त्याने ते आधी तिच्या हातात दिलं. शेवटच्या दिवशी तो टेबल आवरत असताना तिने विचारलं, "थांबता का?"

"नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही मला नीट बसवून विचारलं असतं ना, तर एवढं झालं नसतं."

"नीट बसवून विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?"

तो पेचकस डब्यात ठेवत होता, तो हात थांबला. त्याने प्रामाणिकपणे विचार केला, हे तिला दिसलं.

"नोकरीचं? नाही. बहुतेक नसतं सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही," तो म्हणाला आणि डबा बंद केला.

तो गेल्यावर महिनाभर मागचं टेबल रिकामंच होतं. आलेल्या गिऱ्हाइकाला वहिनी सांगायची, कुलपाचं काम आता होत नाही. मग एक दिवस ती स्वतः जुना लॅपटॉप घेऊन तिथे बसली. बिघडलेल्या फोनांवर शिकली, दोन फोन कायमचे मेले. रविवारी दीर जेवायला यायचा तेव्हा ती त्याला काहीबाही विचारायची. कंपनीच्या माणसाने हे सांगायचं नसतं, असं म्हणत तो सांगायचा. तो सांगेल ते ती ऐकून घ्यायची आणि सोमवारी दुसऱ्या दोन ठिकाणी पडताळून बघायची. हे त्यालाही माहीत असावं.

परवा एक माणूस कुलूपबंद फोन घेऊन आला. पावती दाखवली, रूट पण करून हवं म्हणाला.

"दोन दिवस लागतील."

"दोन दिवस? पलीकडच्या रस्त्यावर तासाभरात करून देतात."

"देत असतील. मी आधी फाइल उघडून बघते. आतलं एकेक नाव वाचते, मगच घालते."

"असं काय असतं त्यात वाचण्यासारखं?"

ती सांगू लागली होती, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. नवीन शर्ट, नीट विंचरलेले केस, प्रश्न जरा जास्तच. कंपनीकडून तर आला नसेल? तिने पावती पुन्हा हातात घेतली, तारीख पाहिली, फोनच्या पाठीवरचा नंबर पावतीवरच्या नंबराशी आकडा न् आकडा ताडून पाहिला. जुळत होता.

"ओळखपत्र आहे?" तिने विचारलं.

"फोन उघडायला ओळखपत्र?"

"माझ्याकडे लागतं."

तो कुरकुरला. मग त्याने पाकीट काढलं, आणि आपलं ओळखपत्र देताना तिच्या हाताकडे असं बघितलं, जणू ती त्याचा फोटो काढून ठेवेल.